पऱ्हाटी टाकाऊ असल्याचा दाखला

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, हे मी चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो. बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी लाल खडूनं ते फळ्यावर लिहूनच ठेवत असे. प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहा पीत असताना मुलांचे हात भाजू नयेत ही जबाबदारी माझी, म्हणजे प्रयोगशाळा सहायकाची. आणि निवृत्त झाल्यावर सातव्या महिन्यात मीच आमच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये कॉस्टिक सोडा घातला, त्यात पऱ्हाटीचे तुकडे टाकले आणि तीन शिट्ट्यांची वाट पाहत बसलो. शिट्टी एकही झाली नाही. कुकरच्या बुडातून काळपट फेस ओट्यावर आला. सुलभा, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हा कुकर माझ्या आईनं दिला होता."

वास शेजारी गेला. शेजारी राजकुमार राहतात. एसटीच्या डेपोत स्टोअर सांभाळायचे, आता आमच्या गल्लीला सल्ले पुरवतात. त्यांनी कुकर उलटा करून बुडाच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वैजनाथराव, रिटायर मानसानं गॅसजवळ जाऊच नये. देवपूजा करा, नाईतर सोसायटीचे सेक्रेटरी व्हा."

आता पऱ्हाटी म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण माझ्या स्वतःच्या मुलाला सांगावं लागलं, कारण तो पुण्यात असतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. कापूस वेचून संपला की ते वाळून काटक्यांसारखं शेतात उभं राहतं. जानेवारीत मी मेहकरहून एसटीनं येत होतो, तर रस्त्याच्या कडेच्या दोन-तीन शेतांत पऱ्हाटीचे ढीग पेटवून दिलेले. मी मोठ्यानं म्हणालो, "अरेरे, केवढा सेल्युलोज जळतोय!" शेजारच्या प्रवाशानं पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तो जरा पलीकडे सरकला. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. या पऱ्हाटीचा लगदा करायचा, दाबायचा आणि त्याचा बोर्ड बनवायचा. टेबलावर बसवायचा, छताला लावायचा, पेटीत माल बांधताना घालायचा. लाकडाऐवजी पऱ्हाटी.

यात पैशाचा मोह नव्हता, हे शपथेवर सांगतो. मोह होता तो नावाचा. चौतीस वर्षांत आमच्या विभागातून अकरा जणांनी पीएच.डी. केली. अकराही प्रबंधांतले प्रयोग मी मांडले, काचसामान मी धुतलं, रात्रभर चालणारी उपकरणं मी सांभाळली. प्रबंधात आभाराचं एक पान असतं. तिथे माझं नाव यायचं, पण टायपिंग करणाऱ्याच्या नंतर. एका प्रबंधात तर गॅस एजन्सीच्याही नंतर आलं होतं. मला आयुष्यात एकदा तरी एखादी वस्तू अशी हवी होती की जिच्याकडे बोट दाखवून लोकांनी म्हणावं, हे वैजनाथरावांनी केलं. एवढीच माझी हाव. ती किती महाग असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कुकरनंतर मला स्वयंपाकघरातून हद्दपार करून गच्चीवर पाठवण्यात आलं. तिथे लोखंडी घमेलं, तीन विटा आणि मी. पऱ्हाटी आणली माझा कॉलेजातला वर्गमित्र उत्तमराव याच्याकडून. तो पिंपळगाव राजाच्या बाजूच्या एका गावचा मोठा शेतकरी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, ते का हे पुढे कळेल. "ने बे वैजू, पायजे तेवढी ने," तो म्हणाला आणि दोन पोती भरून दिली. लगदा झाला. तो चिकटेना. मी म्हटलं, रासायनिक डिंक आणावा. राजकुमार म्हणाले, "त्याच्यानं कॅन्सर होते. चिंचोके घ्या. घोंगडीले चिंचोक्याची खळ देतात, घोंगडी कशी कडक राह्यते?" मी चिंचोके घेतले. भाजले, फोडले, दळले. याच वेळी घरातला मिक्सरही जळाला. खळ शिजवली, लगद्यात मिसळली, ताटात थापली. दाबायला यंत्र नव्हतं म्हणून थापलेलं ताट घरातल्या गव्हाच्या कोठीखाली सरकवलं. कोठीत तीन क्विंटल गहू होता. एवढा दाब आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कधी उपलब्ध नव्हता.

पहिला बोर्ड तडकला. दुसऱ्याला बुरशी आली. तिसरा चांगला झाला, पण चिंचोक्याची खळ उंदरांना आवडते हे राजकुमार सांगायचे विसरले होते. सकाळी बोर्डाच्या जागी नुसती किनार उरली होती. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली मनापासूनची दाद. मग मी खळीत मोरचूद घातलं. सातवा बोर्ड मात्र असा झाला की काय सांगू! ताटाएवढा, सरळ, तांबूस, ठोकला की खणखणीत वाजायचा. मी त्यावर उभा राहिलो. सुलभाला उभं केलं. राजकुमारांना उभं केलं, त्यांचं वजन ब्याण्णव किलो. मुलाला, गंधारला, फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. सूनबाई रेवतीनं मात्र फोन करून "बाबा, किती सुंदर आहे हो हे" असं म्हटलं. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी इतकं चांगलं पहिल्यांदाच बोलत होती.

बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मी एका कचेरीत गेलो. उद्योगांना उत्तेजन देणं हे त्या कचेरीचं काम आहे असं दारावर लिहिलं होतं. आतल्या साहेबांनी बोर्ड वाजवून पाहिला. खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "हे लाकूड आहे का?"

"नाही. लाकडाला पर्याय आहे."

"पण लाकडासारखं आहे. लाकूड असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागेल."

"साहेब, ही पऱ्हाटी आहे. शेतातला कचरा."

"मग कचरा असल्याचा दाखला आणा."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत. त्या कचेरीची योजना टाकाऊ मालापासून टिकाऊ माल करणाऱ्यांसाठी होती. टिकाऊ माल समोर टेबलावर होता, पण टाकाऊ माल टाकाऊ आहे याला पुरावा काय? उद्या कुणी चांगला माल टाकाऊ म्हणून दाखवला तर? तलाठ्याचा दाखला, पंचनाम्यासह, पाच पंचांच्या सह्या. साहेबांचं तर्कशास्त्र इतकं बिनतोड होतं की मी आभार मानून बाहेर आलो.

तलाठी तरुण होता, तीन गावं सांभाळत होता आणि तिन्ही गावांत "दुसऱ्या गावाला गेले" असंच त्याच्याबद्दल ऐकायला मिळायचं. पाचव्या खेपेला सापडला. म्हणाला, "काका, सातबाऱ्यावर पीक असते. कचऱ्याचा रकानाच नाई. पीक पाण्यानं गेलं तर पंचनामा होते, गारपिटीनं गेलं तर होते. पऱ्हाटी टाकाऊ हाये म्हनून पंचनामा मी नोकरीत पाह्यला नाई. तुमीच मजकूर लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं दिसते."

इथे माझा घात झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मजकूर लिहायला सांगत होतं. मी रात्रभर खपून एक उतारा तयार केला. दाखल्याला लागत होतं एवढंच की "सदर पऱ्हाटी टाकाऊ आहे." पण नुसतं तेवढं मला बोडकं वाटलं. म्हणून मी पुढे लिहिलं, "व तिचा गावातील कोणत्याही व्यक्तीस कोणत्याही प्रकारे काडीमात्र उपयोग होत नाही." वाचून पाहिलं. लय चांगली साधली होती. मी तो उतारा सुलभालाही वाचून दाखवला. ती गहू निवडत होती. "कोणत्याही व्यक्तीस? तू विचारलंस का सगळ्यांना?" एवढंच ती म्हणाली. मी तिला सांगितलं की सरकारी भाषेला एक वजन लागतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला पंचनामा झाला. उत्तमरावच्या शेतात उलंगवाडी झाली होती. उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी आटोपून कपाशीचा हंगाम संपणं. शेतात आठ-दहा बाया लोखंडी चिमट्यानं पऱ्हाटी उपटत होत्या आणि भारे बांधून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचत होत्या. धुऱ्यावर तलाठी, उत्तमराव, त्याच्या भावकीतले चौघे आणि मी असे गोल करून उभे होतो. उत्तमराव आणि ते चौघे, हे पाच पंच. मी माझा उतारा खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "सदर पऱ्हाटी टाकाऊ" इथवर आलो तर मागून आवाज आला.

"काऊन हो, कचरा कोन म्हने याले?"

साठीची एक बाई होती. हातात चिमटा, डोक्याला फडकं. उत्तमराव म्हणाला, "झुंबरबाई, तू आपलं काम कर. सरकारी काम हाये."

"काम तं करूनच राह्यली. पन हे कचरा नाई ना. हे जयतन हाये आमचं."

जयतन म्हणजे सरपण. मग मला हळूहळू कळलं. या बायांना पऱ्हाटी उपटायची मजुरी मिळत नाही. मजुरी म्हणून पऱ्हाटीच मिळते. उलंगवाडी झाली की जी बाई उपटेल तिची पऱ्हाटी. उत्तमरावचं शेत मोकळं होतं, बाईची वर्षाची चूल चालते. असं त्यांच्या आजेसासवांपासून चालत आलेलं. घरात गॅसची टाकी आहे, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. भाकरी, डाळ, अंघोळीचं पाणी, सगळं पऱ्हाटीवर. मी मेहकरच्या रस्त्यावर जे जळताना पाहिलं ते ज्यांच्या शेतात मजूर फिरकत नाहीत त्यांचं होतं. इथे एक काडी वाया जात नव्हती.

एखाद्या शहाण्या माणसानं त्या क्षणी कागद घडी करून खिशात घातला असता. मी झुंबरबाईंना सेल्युलोज समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते असन मास्तर. पन आमचं सालाचं जयतन गेलं तं आमी काय जाळाव?"

मास्तर! कॉलेजात मला कुणी सर म्हटलं नाही. मी विरघळलो. "बाई, मला फक्त दोन-चार पोती लागतात. हा नुसता कागद आहे, कचेरीसाठी. तुमच्या जळतणाला धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्द हाये ना?"

"आहे."

"मंग झालं," असं म्हणून त्या पुन्हा उपटायला लागल्या. पाच पंचांनी सह्या केल्या. अर्जदार म्हणून मी सही केली, झोकदार.

पुढचं सगळं सुरळीत झालं, म्हणजे वाईट झालं. एक मे रोजी एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एक मानपत्र, ज्यात मला "कृषी-कचऱ्याचे किमयागार" म्हटलं होतं. राजकुमार पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला सांगत होते की चिंचोके त्यांचे. पेपरात फोटो आला. सुलभानं तो कापून ठेवला नाही, मीच कापून ठेवला. बोर्ड चाचणीसाठी बाहेरगावी गेला होता, त्याचा अहवाल ऑगस्टात आला. त्यात लिहिलं होतं की नमुना चोवीस तास पाण्यात ठेवला असता त्याची पुन्हा पऱ्हाटी होते. शब्द वेगळे होते, अर्थ हाच. म्हणजे बोर्ड नापास झाला. दाखला मात्र पास झाला. जिल्ह्यातला तसा तो पहिलाच दाखला असल्यामुळे कचेरीनं त्याच्या प्रती काढल्या आणि नमुना म्हणून फायलीला लावल्या. मला ते कळलं तेव्हा मी चारचौघांत सांगत सुटलो की माझा मजकूर आता नमुना म्हणून वापरतात. बोर्डाचं कुणी विचारलं तर मी विषय बदलायचो.

यंदा फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, झुंबरबाई आमच्या दारात उभ्या. सोबत गोजरबाई म्हणून आणखी एक. खामगाव गाठून तिथून बुलढाण्याची एसटी धरून आल्या होत्या. मला वाटलं, सत्काराचं ऐकून भेटायला आल्या. मी मानपत्राखालच्या खुर्चीवर बसलो. सुलभानं पाणी दिलं.

"मास्तर," झुंबरबाई म्हणाल्या, "मशीन येऊन राह्यली. बेस्तरवारी."

कुठल्यातरी ठेकेदाराचं यंत्र होतं, गुरुवारी येणार होतं. पऱ्हाटी उभीच्या उभी उपटून भुगा करतं. त्या भुग्याच्या दाबून कांड्या करतात, त्याला पांढरा कोळसा म्हणतात, आणि तो कारखान्यांच्या भट्टीत जाळतात. म्हणजे अखेर जाळायचीच. फक्त झुंबरबाईंच्या चुलीत नाही. ठेकेदाराला पऱ्हाटी फुकट उचलायची परवानगी मिळाली होती, कारण ती गावात टाकाऊ असल्याचा पंचनामा कचेरीत होताच. उत्तमरावचं शेत एका दिवसात मोकळं होणार होतं, दहा बायांची पंधरा दिवस वाट पाहावी लागणार नव्हती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मी काय करू बे? कागद तुह्याच हाताचा हाये. अन् आमाले बी सोयीचंच हाये."

"आमी तलाठ्याकडं गेलतो," गोजरबाई म्हणाल्या. "त्यो म्हने, ज्यानं कचरा म्हनलं त्यानंच नाई म्हना लागते. तुमचा जबाब आला की मी उचल थांबवतो, म्हने. बेस्तरवारच्या आंधी."

"तुमचा शब्द होता," झुंबरबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आठवण करून दिली.

मी म्हटलं, आजच जातो. आणि गेलोही. तलाठी सापडला, हे नशीबच. त्यानं जबाबाचा साचा सांगितला. "काका, लिवा: पंचनाम्यात मी खोटी माहिती दिली, पऱ्हाटीचा गावात उपयोग आहे. सही करा, झालं. दोन ओळीचं काम हाये."

खोटी? मी? चौतीस वर्षं ज्याच्या हाती कपाटाच्या किल्ल्या होत्या आणि स्पिरिटचा एक थेंब कमी भरला नाही, त्यानं सरकारदरबारी लिहून द्यायचं की मी खोटी माहिती दिली? मी म्हटलं, उद्या लिहून आणतो. घरी आलो. राजकुमार वाटच पाहत होते. "अजिबात लिवू नका," ते म्हणाले. "खोटी म्हनलं की पोलीस आले, पोलीस आले की पेन्शन गेली. डेपोत एका मेकॅनिकनं असंच खरं लिहून दिलं होतं." त्या मेकॅनिकचं पुढे काय झालं ते त्यांना नीट आठवत नव्हतं.

मंगळवारी मी मसुदा नेला. "पंचनाम्यातील मजकुरात अनवधानाने काही उणीव राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मला अजूनही आवडतं. तलाठ्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे पऱ्हाटी उपयोगाची हाये का नाई?" मी म्हटलं, यातून ते सूचित होतं. तो म्हणाला, "सूचित झाल्यानं मशीन थांबत नाई. खोटी हा शब्द लागते. वरचे विचारतीन, आधीचं खोटं की आत्ताचं?"

बुधवारी मी दुसरा मसुदा केला. त्यात "माहिती वस्तुस्थितीशी विसंगत" असं होतं. ते घेऊन गेलो तर तलाठी दुसऱ्या गावाला गेले होते. मी चावडीच्या ओट्यावर चार वाजेपर्यंत बसलो. समोरून वच्छलाबाई म्हणून पऱ्हाटी उपटणाऱ्यांतलीच एक बाई गेली. तिनं विचारलं, "देल्लं का लिहून?" मी म्हटलं, चाललंय. ती मान हलवून गेली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुलभा म्हणाली, "मी खोटी माहिती दिली. चार शब्द आहेत, वैजनाथ. कुकर फुटला तेव्हाही तू ॲल्युमिनियमचा दर्जा हलका होता म्हणाला होतास."

मला राग आला. मी जेवलो नाही. माझ्याबद्दल कुणाला काही वाटत नाही, असं मला फार जोरात वाटलं. आणि गुरुवारी पहाटे उठून मी कोऱ्या कागदावर लिहिलं: पंचनाम्यात मी खोटी माहिती दिली. पऱ्हाटी टाकाऊ नाही. ती गावातील बायांची हक्काची मजुरी व वर्षाचे सरपण आहे. माझ्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. सही केली. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पहिली एसटी पकडली.

फाट्यावर उतरून चालत निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. यंत्राचा आवाज दुरूनच येत होता. नंतर कळलं की ते सहालाच सुरू झालं होतं, ऊन तापायच्या आत काम उरकावं म्हणून. उत्तमरावच्या शेताचा शेवटचा कोपरा चालू होता. मागे काळी जमीन पार मोकळी. ट्रॉल्या भरभरून भुगा रस्त्याला लागला होता. तलाठी मोटारसायकलवर बसून होता. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि परत दिला. "आता बराबर लिवलं काका. पन आता उचल थांबवू कशाची?"

धुऱ्यावर बाया बसल्या होत्या. चिमटे शेजारी ठेवलेले. झुंबरबाई, गोजरबाई, वच्छलाबाई, आणखी सात-आठ. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं मी येताना एसटीत तयार केली होती. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो, हातात कागद धरून.

"आनला का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"आणला."

"वाचा बरं. आमाले वाचता येत नाई."

मी वाचला. यंत्र चालू होतं म्हणून मोठ्यानं वाचावा लागला. पंचनाम्यात मी खोटी माहिती दिली. वाक्याला काही लय नव्हती. वर्षभरात मी त्या गावचं सरपण नेलं, त्याचा एक बोर्ड केला, तो पाण्यात विरघळला, आणि बदल्यात मला शाल मिळाली. हे मला त्या धुऱ्यावर पहिल्यांदा एका दमात कळलं, आणि मला स्वतःची खरोखर किळस आली.

बाया ऐकत होत्या. वाचून संपलं तसं झुंबरबाईंनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला, जपून चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"पेटवाले कागद झाला, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता जयतनाचं काय ते सांगा."